ओठ पुढे, आवाज मागे

गोंदियाच्या बाजारातल्या ज्या स्टुडिओत मी पाच वर्षं लग्नाच्या कॅसेटी कापल्या, तिथं माणसाच्या तोंडावर गुलाब सोडायची पद्धत होती. अर्थात पडद्यावर. बोलणाऱ्याचे ओठ आणि त्याचा आवाज यांचा मेळ बसत नसला की एका बाजूनं मोठा लाल गुलाब गरगरत येई, चेहऱ्यावर थांबे आणि माणसाचं बोलणं संपल्यावरच पुढं सरके. मुलीचे वडील आशीर्वाद देताहेत, सोडा गुलाब. मामा रडत रडत काही सांगतोय, सोडा गुलाब. एका लग्नात कुणी पुढारी शुभेच्छा द्यायला उभे राहिले आणि बारा मिनिटं बोलले. त्यांच्यावर आम्ही एकामागून एक नऊ गुलाब सोडले. त्यांच्या माणसांना तो खास सन्मान वाटला आणि ते डिस्कच्या आणखी दोन प्रती घेऊन गेले.

ही अक्कल स्टुडिओच्या मालकांची. त्यांना सगळे भैय्या म्हणत, मीही म्हणायची. फोटो ते चांगले काढत, हे मला कबूल करावं लागतं आणि करताना आजही जिवावर येतं. पण फोटोला आवाज नसतो. व्हिडिओला असतो, ही गोष्ट त्यांनी मनापासून कधी मान्यच केली नाही. त्यांच्या लेखी आवाज म्हणजे शूटिंगमध्ये आपोआप शिरलेला कचरा. जनरेटरची घरघर, लेकरांची रडारड, "भात आणा रे इकडं" अशी पंगतीतली आरोळी. तो पुसायचा आणि वर हिंदी गाणी टाकायची. "कस्टमर को क्या समझता है? गाना डाल दो," हे सगळ्या दुखण्यांवरचं त्यांचं एकच औषध होतं.

मी फुलचूरहून रोज सायकलनं यायची. कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्या जोरावर मी स्वतःला इंजिनिअर समजत होते. घरी "कॉम्प्युटरवर काम करते" एवढंच सांगितलेलं. दिवसभर लोकांची लग्नं कापते म्हटलं असतं तर आईला ते अपशकुनी वाटलं असतं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास लोकांना एकाएकी डीव्हीडी हवी झाली. त्याआधी मोठी काळी कॅसेट चाले, मग सीडी चालली. पण बाजारात स्वस्तातले चिनी प्लेअर आले आणि ज्याच्या घरी धड पंखा नव्हता तोही "डीव्हीडीच पाहिजे, सीडी नोको" असं दुकानात येऊन ऐकवू लागला. भैय्यांनी पाटी रंगवून घेतली. डीव्हीडी कशी बनते हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. ते मला माहीत असेल असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटवरून चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, कापायचं, जोडायचं आणि शेवटी डीव्हीडीला चालेल अशा रूपात बदलायचं. या शेवटच्या पायरीला सगळा घोळ होई. कॅमेऱ्यानं आवाज एका वेगानं नोंदवलेला असे, डीव्हीडीला दुसरा वेग लागे आणि आमचं चोरून आणलेलं सॉफ्टवेअर मधल्या मध्ये गडबड करी. पहिल्या मिनिटाला सगळं ठीक दिसे. अर्ध्या तासानं आवाज थोडा रेंगाळायला लागे. तासाभरानं भटजींचे ओठ मिटून, अक्षता पडून, हार घालून झाल्यावर वरून "सावधान" ऐकू येई. त्यात भारनियमन. दिवसातून दोनदा वीज जायची आणि जाताना अर्धवट तयार झालेली फाइल सोबत घेऊन जायची.

उपाय शोधायला मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसायची. तिथं कळलं की हा त्रास साऱ्या जगाला आहे. कुणीतरी हुबेहूब माझाच प्रश्न विचारलेला असे. खाली दहा जण "मलाही हेच होतं" म्हणून गळा काढत. एक शहाणा "आधी सॉफ्टवेअर विकत घ्या" असा उपदेश करी. आणि सगळ्यात शेवटी प्रश्न विचारणाराच लिही, "जमलं, धन्यवाद." कसं जमलं ते त्या नालायकानं लिहिलेलं नसे. मी त्या कॅफेत बसून परदेशातल्या अनोळखी माणसांना अस्सल गोंदियाच्या शिव्या दिलेल्या आहेत.

तरी अडखळत मी शिकले. चित्रफितीच्या शेवटी आवाज किती मागे पडला ते मोजायचं, सबंध आवाज तेवढाच आवळायचा आणि मग दोन्ही बरोबर संपतात. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी भैय्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "गुलाब कहाँ गया?" पण मला फिकीर नव्हती. ओठ आणि आवाज जुळवणारी अख्ख्या गोंदियात मी एकटी, अशी माझी समजूत झाली. ती डोक्यात चढली ती चढलीच.

बौद्ध लग्नांच्या ऑर्डरी भैय्यांना आवडत नसत. "उसमें कुछ होता ही नहीं," म्हणायचे. होम नाही, फेरे नाहीत, गुलाब आणि फिरती हृदयं सोडायला जागा नाही. पांढऱ्या कपड्यातली दोघं प्रतिमांपुढे मेणबत्त्या लावतात, सगळे मिळून वंदना म्हणतात आणि मग माईकवर, भर मांडवात, आधी नवरा आणि मागून नवरी आपापल्या प्रतिज्ञा घेतात. ते बोलणं हेच लग्न. त्यावर गाणं टाकलं तर घरची माणसं डिस्क आणून काउंटरवर आपटत आणि बरोबरच करत. भैय्यांना त्यात लग्न दिसत नव्हतं, नुसती बडबड दिसत होती. म्हणून वंदना आणि प्रतिज्ञांचा भाग ते माझ्या गळ्यात टाकत आणि वरात, जेवणं, नाच असा भाग स्वतःकडे ठेवत.

असंच एक लग्न आमच्या फुलचूरमधलं. मुलगी तिथली, मुलगा सडक अर्जुनीकडचा, हायवेवर पंक्चरचं दुकान चालवणारा. मुलीचे वडील स्वतः येऊन बजावून गेले होते, "पोरीच्या प्रतिज्ञेले हात नोका लावजा. पुरी पाहिजे." मी मान हलवली. कॅसेट लावली, जनरेटरची घरघर कमी केली, इकडची तिकडची गर्दी छाटली आणि दोन दिवसांत डिस्क तयार केली. तयार डिस्क तपासायची म्हणजे प्लेअरमध्ये घालून सुरुवातीचं नाव नीट फिरतंय का एवढं पाहायचं, ही आमच्याकडची रीत. नाव फिरलं. डिस्क गेली.

त्यानंतर महिनाभरानं दुकानात कोरे फोन येऊ लागले. उचलला की पलीकडं कुणी नाही, नुसता श्वास. बाईमाणूस फोन उचलतं म्हटल्यावर असले फोन नवे नव्हते. बाजारातल्या रिकामटेकड्यांना तेवढाच उद्योग. मी दोनदा गुपचूप ठेवून दिला. तिसऱ्यांदा "घरात आयाबहिणी नाहीत का रे?" असं विचारलं. चौथ्यांदा जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दोन दिवसांनी ती नवरी दुकानात आली. चेहरा मी लगेच ओळखला, कारण मी तो पडद्यावर दोन दिवस पाहिला होता. माहेरी आठ दिवसांसाठी आली होती. हातात आमचीच डिस्क, रुमालात गुंडाळलेली. काउंटरपाशी उभी राहिली आणि तिनं बोलायला तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मान थोडी ताठ झाली, डोळे मिटले, ओठ एका अक्षरावर अडकून बसले. मला वाटलं बाईला बरं नाही. मग शब्द आला, पुढचे दोन सरळ आले आणि तिसऱ्यावर पुन्हा तसंच.

ती अडखळत बोलायची. मला धीर नव्हता. तिचं वाक्य मी तीनदा माझ्या मनानं पूर्ण केलं आणि तिन्ही वेळा चुकीचं केलं. डिस्क चालत नाही का? नाही. प्रती हव्यात का? नाही. फोटो राहिलेत का? तिनं हातानं मला थांब म्हटलं आणि आपल्या वेगानं बोलली. पहिलंच वाक्य होतं, "ताई, मी चारदा फोन लावला. तुमी ठेवून देल्ला."

मी खुर्ची पुसून तिला बसायला दिली. शरमेनं कान तापले होते आणि अशा वेळी माझा जो स्वभाव आहे त्याप्रमाणे मी तिच्यावरच थोडी चिडले होते.

तिनं जे सांगितलं ते असं. लहानपणापासून ती अडकते. घरात कमी, परक्यांपुढं जास्त. लग्न ठरलं तेव्हा तिला एकच धास्ती होती, माईकवरच्या प्रतिज्ञांची. आधी दुसऱ्यानं म्हणायचं आणि मागून आपण, असं केलं तर ती हमखास अडकते. म्हणून तिनं प्रतिज्ञा पाठ करून एकटीनं म्हणायचं ठरवलं. महिनाभर गोठ्यात, म्हशीपुढं उभं राहून म्हटल्या. आणि लग्नाच्या दिवशी भर मांडवात पाचही म्हटल्या. सांगताना तिचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडं पाहावं लागलं.

मग डिस्क सासरी पोचली. लग्नाला जी माणसं आली होती त्यातल्या अर्ध्यांचं लक्ष पंगतीकडं होतं. सासू मागं बायकांत बसली होती, तिला भोंग्यातून आवाज ऐकू आला पण दिसलं काही नाही. गावातल्या बाकीच्या बायका आल्याच नव्हत्या. सगळ्यांनी लग्न पहिल्यांदा पाहिलं ते टीव्हीवर. आणि टीव्हीवर काय? नवऱ्याच्या प्रतिज्ञा ठीक. नवरीच्या पहिल्या दोन ठीक. तिसरीपासून नवरीचे ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच बोलतो. पाचवीला तर नवरीनं तोंड मिटलं, मान खाली घातली, हार घालून घेतला आणि तिचा आवाज आपला मांडवात खणखणीत चालूच.

"सासरी म्हनून राहिलेत का आवाज माजा नोहे," ती म्हणाली. "बहिनीनं मांगून माईक धरला म्हनतेत. मी घरात अडकतच बोलते. मंग तिथं कशी बोलली, म्हनतेत. अन् तोंड बंद हाये, आवाज चालू हाये. कोन मानंल?"

"तुझा नवरा तर शेजारीच उभा होता," मी म्हटलं.

"थो सांगते. पन थो माजाच म्हनून सांगते, म्हनतेत."

सासूनं तिला तोंडावर काही म्हटलं नव्हतं. पण शेजारीण आली की ती डिस्क लावायची आणि ती जागा आली की दोघी एकमेकींकडं पाहायच्या. लग्नातल्या प्रतिज्ञाच जिनं स्वतः घेतल्या नाहीत तिचं लग्न काय आणि शब्द काय, असं एकदा कुणीतरी बोललंसुद्धा होतं. रविवारी नवरा न्यायला येणार होता. त्याच्या आत तिला नीट डिस्क हवी होती. तिनं आयुष्यात एकदा सगळ्यांसमोर धड बोलून दाखवलं होतं आणि आमच्या स्टुडिओनं ते खोटं पाडलं होतं.

भैय्यांनी हे सगळं काउंटरपलीकडून ऐकलं आणि तोडगा काढला, "गाना डाल दो. आवाज ही नहीं रहेगा तो झगडा किस बात का?" मी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते चहा सांगायला बाहेर निघून गेले.

मी कामाला लागले, आणि मोठ्या थाटात. हा रोग माझ्या ओळखीचा, औषध माझ्याकडं. शेवटी आवाज किती मागे आहे ते मोजलं. आठ सेकंद. सबंध आवाज तेवढा आवळला. तर नवऱ्याच्या प्रतिज्ञा, ज्या आधी बरोबर होत्या, त्या बिघडल्या. आता तो बोलायच्या आधीच त्याचा आवाज बोलू लागला. मी सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या. आवाजाचा वेग बदलून पुन्हा सगळं बनवायला घेतलं आणि निम्म्यावर वीज गेली. दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेतून बारा पानं छापून आणली आणि त्यातलं एकेक करून पाहिलं. कधी नवरा बिघडे, कधी नवरी बिघडे, एकदा दोघंही बिघडली आणि मागची वंदनाही वाहून गेली. मी कॅमेऱ्याला दोष दिला. केबलला दिला. वीज मंडळाला तर रोजच देत होते.

ती रोज दुपारी येऊन माझ्या मागच्या स्टुलावर बसे. एक शब्द बोलत नसे. मला ते जड व्हायला लागलं होतं. एकदा मी म्हणालेही, "बाई, हे तांत्रिक काम आहे, तुला कंटाळा येईल." तिनं नुसती मान हलवली आणि बसून राहिली.

शुक्रवारी तिनं तोंड उघडलं. मी तिसऱ्या प्रतिज्ञेची जागा पंधराव्यांदा मागं-पुढं करत होते. ती म्हणाली, "ताई, हे हरूहरू नाई बिघडत. इथंवर बराबर हाये. इथून एकदमच बिघडते."

मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, बारा पानं छापून आणणारी. आणि हे तिला दिसलं होतं, मला नव्हतं. आमच्या धंद्यातला रोग नेहमी हळूहळू वाढतो, म्हणून हाही तोच, असं मी धरून चालले होते. तीन दिवस मी ताप समजून मोडलेल्या हाताला गोळ्या देत होते.

मग ती पुढं वाकली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "मी इथं अडकली होती," म्हणाली. "दुसरी झाली अन् तिसरीच्या पयल्या शब्दाले अडकली. लय येर अडकली. मले वाटलं, सीडीत ते दिसंल, सारे हासतीन. मी घाबरूनच पाह्यत बसली. ते आलंच नाई. ते कुठं गेलं?"

ते कुठं गेलं हे मला माहीत होतं. ते मी कापलं होतं.

मला सगळं आठवलं. कॅसेट पाहताना ती जागा आली होती. नवरी माईकपुढे उभी, तोंड अर्धवट उघडं, मान ताठ, डोळे मिटलेले, आवाज नाही. मला वाटलं, हे काय बरं दिसतं? बिचारीचं लग्न, वर्षानुवर्षं लोक पाहतील. चांगलं दिसावं म्हणून मी तेवढं चित्र उचलून टाकलं, जसं मी पंगतीतलं कुणाचं ढेकर देणं टाकायची, कुणाचं खाजवणं टाकायची, लेकरांचं शेंबूड पुसणं टाकायची. पण जनरेटरची घरघर कमी करायला आवाज मी चित्रापासून सुटा केला होता आणि परत जोडायला विसरले होते. त्यामुळं चित्रातले आठ सेकंद गेले आणि आवाजातले तसेच राहिले. तिथून पुढं तिचे ओठ पुढं आणि आवाज आठ सेकंद मागं. कॅमेरा निर्दोष, केबल निर्दोष, वीज मंडळसुद्धा या एका बाबतीत निर्दोष.

गुलाब सोडणाऱ्या भैय्यांना मी पाच वर्षं नावं ठेवली. ते निदान नंतर गुलाब बाजूला तरी करायचे.

मी तिला खरं सांगितलं. लपवावं असं मनात आलं नाही असं नाही. "मशीनची चूक होती, सापडली" एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण ती तीन दिवस माझ्या मागं बसून होती आणि तिनंच ती जागा शोधली होती. मी म्हटलं, "मीच कापलं. तुझ्यासाठीच कापलं. बरं दिसत नव्हतं."

तिनं विचारलं, "माज्यासाठी? मले इचारलं?"

मी मूळ कॅसेट काढली, लावली आणि ती जागा तिला दाखवली. आठ सेकंद म्हणायला थोडे असतात. दुकानात दोघी बसून कुणाला अडकलेलं पाहायचं म्हणजे ते संपत नाहीत. पडद्यावर ती उभी होती. मागं मेणबत्ती हलत होती. नवरा समोर पाहत होता, तिच्याकडं वळला नाही, खोकला नाही, शब्द सुचवला नाही. मांडवात कुठंतरी ताटांचा आवाज झाला. मग तिचे ओठ सुटले आणि तिसरी प्रतिज्ञा आली, चौथी आली, पाचवी आली, एकही अक्षर न अडकता. मी दोन दिवस ही कॅसेट कापत होते आणि मला हे ऐकू आलं नव्हतं.

आता माझ्यापुढं सोपं काम होतं. मी तिला म्हणाले, दोन गोष्टी करता येतील. एक, चित्रातले आठ सेकंद गेलेच आहेत, तर आवाजातलेही आठ काढून टाकते. ओठ आणि आवाज जुळतील, तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ बोलताना दिसशील. कुठं अडकलीस हे कुणाला कळणार नाही. दोन, कापलेलं परत लावते. मग सगळं दिसेल. पहिलंच घे असं मी जवळजवळ तिला सांगितलं. इतकं चांगलं काम मी कधी कुणाला देऊ केलं नव्हतं.

तिनं बराच वेळ विचार केला. की ती अडकली होती, मला कळलं नाही. या वेळी मी तिचं वाक्य पूर्ण केलं नाही.

"परत लावा," ती म्हणाली.

"अगं, सगळे पाहतील."

"पाहू दे. सरळच बोलली असं दिसलं, त पुन्हा म्हनतीन का थे मी नोहे. अडकलेली पाहतीन, तवा समजंल का मीच आहो. असं दुसरं कोन अडकते?"

मी कापलेलं परत लावलं. वीज होती तोवर डिस्क बनवली आणि आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण पाहिली. भैय्या मधे येऊन उभे राहिले आणि आठ सेकंदांच्या जागेवर म्हणाले, "ये अटक गया है क्या? एक गुलाब..." मी म्हटलं, "भैय्या, बाहेर जा." ते माझे मालक होते आणि तरीही गेले.

रविवारी ती सासरी गेली. त्यानंतर मी काही दिवस फोन वाजला की उचलून गप्प उभी राहायची, पलीकडून आवाज येईपर्यंत. त्यात दोनचार खरे टवाळही ऐकून घ्यावे लागले. तिचा फोन आला नाही. मी स्वतःची समजूत घातली की नीट झालं असेल. मग समजूत घातली की नीट झालं नसेल आणि त्याला जबाबदार मीच आहे. दोन्ही समजुतींनी काम सुचेना.

वीसेक दिवसांनी तिचा नवरा आला. हातांना टायरचं काळं, डोक्याला रुमाल. गोंदियाला ट्यूब घ्यायला आला होता म्हणे, जाता जाता दुकानात डोकावला. त्या डिस्कच्या आणखी दोन प्रती हव्या होत्या, एक मावशीला आणि एक शेजारच्या घरी. मी कॉम्प्युटर सुरू केला. विचारू की नको करत शेवटी विचारलं, "घरी पाहिली का सगळ्यांनी?"

"पाह्यली ना," तो म्हणाला. "घर भरलं होतं. थे जागा आली, हे अडकली, सारे चुप. कोनी काई बोलेना. मंग माजा भाऊ उठला. त्याले वाटलं आता हे बरं नाई दिसत, पुढं सरकवाव. रिमोट घेतला त्यानं."

"मग?"

"मायनं त्याचा हात धरला," तो म्हणाला. "म्हने, राहू दे. बोलून राहिली ना थे."